मालकी वस्तूची आणि शब्दाची: इंग्रजीतील मालकीवाचक शब्द व व्यापारी नावे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत विचार करून इंग्रजीत अर्ज, करार, बातम्या किंवा जाहिराती लिहिणारे दोन ठिकाणी हमखास अडखळतात: एखादी वस्तू कोणाची आहे हे सांगताना, आणि एखाद्या मालाचे नाव वाक्यात बसवताना. दोन्ही प्रश्न मुळात मालकीचेच आहेत, म्हणून ते येथे एकत्र घेतले आहेत. इंग्रजी शब्द आणि वाक्ये वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.

‘हॅव’, ‘ओन’ आणि ‘पझेस’ या तिन्ही क्रियापदांचा अर्थ एकच नाही का?

नाही, आणि या गोंधळाचे मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत ‘हॅव’ला तोलामोलाचे एक क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ वापरतो आणि नाते कोणते ते विभक्तीवर किंवा शब्दयोगी अव्ययावर सोपवतो. ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझे साताऱ्यात घर आहे’, ‘त्याला ताप आहे’ या चारही वाक्यांत नाते वेगवेगळे आहे, आणि मराठी ते ‘कडे’, ‘ला’ आणि ‘चे’ यांतून दाखवते. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘हॅव’ चालतो. त्यामुळे ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे वाक्य ऐकून ती गाडी तुमच्या मालकीची आहे, भाड्याची आहे की मेहुण्याने दोन दिवसांसाठी ठेवायला दिली आहे, हे जसे कळत नाही, तसेच ते ‘आय हॅव अ कार’ यावरूनही कळत नाही.

‘ओन’चे क्षेत्र याहून अरुंद आहे. जी वस्तू तुम्ही विकू शकता, दान देऊ शकता किंवा गहाण ठेवू शकता तिच्याबाबतच ‘ओन’ वापरावा, ही कसोटी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. घर, शेत, दुकान, शेअर, म्हैस हे सारे या कसोटीत बसते. बहीण, ताप आणि अनुभव बसत नाहीत. ‘पझेस’ हा शब्द औपचारिक आहे आणि त्याच्यात हक्कापेक्षा जवळ बाळगण्यावर भर आहे. म्हणूनच गुण, पात्रता, परवाना, शस्त्र किंवा अमली पदार्थ यांच्याबाबत तो येतो. ‘शी पझेसेस अ व्हॅलिड लायसन्स’ हे ठीक आहे; ‘शी ओन्स अ व्हॅलिड लायसन्स’ हे विचित्र आहे, कारण परवाना विकता येत नाही. घरगुती बोलण्यात मात्र ‘आय पझेस अ स्कूटर’ असे म्हणणारा माणूस पोलिसांच्या पंचनाम्यातून वाचून दाखवत असल्यासारखा वाटतो.

‘आय ॲम ओनिंग अ फ्लॅट’ असे का म्हणू नये?

कारण ‘ओन’ हे क्रियापद घडणारी क्रिया सांगत नाही, टिकून असलेली स्थिती सांगते, आणि स्थिती सांगणारी क्रियापदे प्रमाण इंग्रजीत चालू काळात सहसा जात नाहीत. ‘बिलाँग’, ‘पझेस’ आणि मालकीच्या अर्थाचा ‘हॅव’ हे याच पंक्तीतले आहेत. ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर आहे, कारण जेवण ही चाललेली क्रिया आहे. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक आहे, कारण भाऊ असणे ही क्रिया नव्हे. भारतीय इंग्रजीत हा चालू काळ इतका रुळला आहे की तो ऐकून येथे कोणी दचकत नाही. तरी नोकरीच्या अर्जात किंवा परदेशी पाठवायच्या पत्रात तो टाळावा. ‘ओनिंग’ हे रूप मुळातच वर्ज्य आहे असा उलटा समज मात्र करून घेऊ नये. ‘ओनिंग अ कार इन मुंबई इज एक्स्पेन्सिव्ह’ या वाक्यात ते नाम म्हणून आले आहे आणि निर्दोष आहे.

‘आय हॅव ओन हाऊस’ यात काय चुकले?

‘ओन’ हा शब्द विशेषण म्हणून येतो तेव्हा त्याच्या आधी मालक सांगणारा शब्द लागतोच: ‘माय ओन हाऊस’, ‘हर ओन मनी’, ‘द सोसायटीज ओन वेल’. मराठीत ‘स्वतःचे घर आहे’ एवढे म्हटले की भागते, म्हणून आपण ‘स्वतःचे’च्या जागी सरळ ‘ओन’ ठेवतो आणि ‘माय’ गळतो. ‘अ हाऊस ऑफ माय ओन’ हा दुसरा शुद्ध पर्याय आहे. अपवाद थोडे आहेत: फुटबॉलमध्ये स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला तर तो ‘ॲन ओन गोल’, आणि ब्रिटिश दुकानांत दुकानाने स्वतःच्या नावाखाली विकलेला माल ‘ओन ब्रँड’.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘ओन’ म्हणजे मालकी असणे आणि ‘ओ’ म्हणजे देणे लागणे, हे दोन्ही शब्द एकाच जुन्या इंग्रजी क्रियापदाच्या कुळातले आहेत. ‘ऑट’ हे त्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. एकाच घराण्यात धनी आणि ऋणको दोघे जन्मले आहेत.

‘ओनरशिप’ आणि ‘पझेशन’ यांत कायद्याच्या दृष्टीने काय फरक आहे? ‘ओनरशिप फ्लॅट’ हे इंग्रजी बरोबर आहे का?

ओनरशिप म्हणजे मालकी, पझेशन म्हणजे ताबा. भाडेकरूकडे ताबा असतो, मालकी नसते. बांधकाम पूर्ण होण्याआधी पैसे भरून करार केलेल्या ग्राहकाचा घरावर हक्क तयार झालेला असतो, पण ताबा नसतो. ‘आम्हाला दिवाळीत पझेशन मिळाले’ हे आपल्याकडील वाक्य म्हणूनच अगदी नेमके आहे. इंग्लंडमधील माणूस अशा वेळी बहुधा किल्ल्या मिळाल्याचे सांगेल, हा निराळा भाग.

‘ओनरशिप फ्लॅट’ ऐकून परदेशी वाचक बुचकळ्यात पडतो, कारण त्याच्या इंग्रजीत अशी जोडणी नाही. तरी ती अडाण्याची चूक म्हणून खोडून टाकता येत नाही. १९६३ साली झालेल्या कायद्याचे इंग्रजी नावच ‘महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स’ असे सुरू होते, आणि मुंबईत पागडीची व भाड्याची खोली हाच नेहमीचा प्रकार असताना विकत घेतलेल्या घराला वेगळे नाव हवे होते. कायद्याने उचललेला शब्द कायद्याच्या संदर्भात तसाच ठेवावा. लंडनच्या किंवा टोरंटोच्या नातेवाइकाला मात्र ‘वी ओन द फ्लॅट’ एवढेच लिहावे.

याहून मोठा खड्डा सातबाऱ्याच्या भाषांतरात आहे. उताऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग १’ याचे इंग्रजी ‘ऑक्युपंट क्लास वन’ असे होते, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही ‘ऑक्युपंट’ हाच शब्द आहे. सर्वसाधारण इंग्रजीत ‘ऑक्युपंट’ म्हणजे त्या जागेत राहणारा कोणीही, अगदी गाडीत बसलेला प्रवासीसुद्धा. आपल्या महसुली भाषेत मात्र वर्ग १ चा भोगवटादार म्हणजे जमीन विनाअडथळा हस्तांतरित करू शकणारा धारक. वर्ग २ च्या धारकावर त्या बाबतीत निर्बंध असतात. परदेशातील बँकेला किंवा वकिलातीला उताऱ्याचे भाषांतर देताना शब्द ‘ऑक्युपंट’च ठेवावा, कारण तो कायद्याचा आहे, पण शेजारी एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा. तसे न केल्यास पिढीजात जमिनीचा धनी त्या कागदावर नुसता तेथे राहणारा इसम होऊन बसतो.

‘मालक’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे?

कोण कोणाला म्हणतो आहे यावर ते अवलंबून आहे. वस्तूचा मालक ‘ओनर’, घरमालक ‘लँडलॉर्ड’ किंवा घरमालकीण असल्यास ‘लँडलेडी’, कामावर ठेवणारा मालक ‘एम्प्लॉयर’. ड्रायव्हरने ‘माझे मालक’ याचे भाषांतर ‘माय ओनर’ असे केले की तो स्वतःलाच विकाऊ माल ठरवतो. कुत्र्याला मात्र ओनर असतो. घरातील बाईने नवऱ्याला ‘आमचे मालक’ किंवा ‘धनी’ म्हटले तर इंग्रजीत ‘हजबंड’ यापलीकडे जाऊ नये.

‘प्रोप्रायटर’ हा शब्द आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर ‘प्रो. प्रा.’ या रूपात इतका मुरला आहे की त्याचा नेमका अर्थ विसरला जातो. एकट्याच्या मालकीच्या पेढीचा धनी तो प्रोप्रायटर. पेढी भागीदारीत असेल तर ‘पार्टनर’, खासगी मर्यादित कंपनी असेल तर ‘डायरेक्टर’ किंवा ‘शेअरहोल्डर’. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे तिचा प्रोप्रायटर नसतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘प्रोप्रायटर’ एकत्र दिसले तर त्यातील एक खोटे आहे असे समजावे. हा शब्द लॅटिनमधील ‘स्वतःचा’ या अर्थाच्या विशेषणापासून आला आहे, आणि ‘प्रॉपर्टी’ हाही त्याचाच भाऊ.

‘आय बिलाँग टू सातारा’ चालेल का?

व्याकरणाने चालेल, अर्थाने ते ‘मी सातारचा’ याच्यापेक्षा जड होते. इंग्रजी माणूस साधेपणाने ‘आय ॲम फ्रॉम सातारा’ म्हणतो. आपल्या ‘चा’मध्ये मालकी, गाव, घराणे, वय आणि किंमत असे सगळे मावते, म्हणून ‘सातारचा’ पाहून ‘बिलाँग’ सुचतो. वस्तूबाबत मात्र ‘बिलाँग्ज टू’ हा सर्वांत सोपा मार्ग आहे: ‘धिस अम्ब्रेला बिलाँग्ज टू मी.’

अपॉस्ट्रॉफी कोठे द्यावी? ‘विलास’, ‘जोशी’ यांसारख्या नावांचे काय?

एकवचनी नामाला अपॉस्ट्रॉफी आणि ‘एस’, ‘एस’ने संपणाऱ्या अनेकवचनाला नुसती अपॉस्ट्रॉफी, हा मूळ नियम. नाव मुळातच ‘एस’ने संपत असेल तर मतभेद सुरू होतात. ‘विलास’, ‘श्रीनिवास’, ‘मानस’ या नावांना शिकागोची शैली (म्हणजे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ हा अमेरिकी लेखननियमांचा ग्रंथ) आणखी एक ‘एस’ जोडायला सांगते, म्हणजे उच्चार ‘विलासेस’ होतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैली अशा विशेषनामांना नुसती अपॉस्ट्रॉफी देते. दोन्ही मान्य आहेत. एका लेखात दोन्ही नकोत. माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, कारण ती आपण जसे बोलतो तसे लिहिते.

‘जोशी’चे अनेकवचन ‘द जोशीज’, म्हणजे जोशी कुटुंब, आणि त्यात अपॉस्ट्रॉफी नाही. त्या कुटुंबाचे घर म्हटले की ‘एस’च्या नंतर अपॉस्ट्रॉफी येते. दारावरच्या पाटीवर ‘जोशी’ आणि ‘एस’ यांच्या मधोमध ती दिली की ते घर एकाच जोशींचे होते, आणि मग ते कोणाचे हा घरातल्या घरात वाद.

दोघांची मालकी सामाईक असेल तर शेवटच्या नावालाच चिन्ह लागते: ‘अनिल अँड सुनील्स शॉप’. दुकाने वेगवेगळी असतील तर दोन्ही नावांना लागते. मराठीत हे आपण नकळत पाळतो; ‘अनिल-सुनीलचे दुकान’ आणि ‘अनिलचे व सुनीलचे दुकान’ यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

एका जागी मात्र मराठी आपल्याला चकवते. आपला ‘चा-ची-चे’ मालकीच्या वस्तूच्या लिंगावर बदलतो, तर इंग्रजी ‘हिज’ आणि ‘हर’ मालकाच्या लिंगावर. ‘त्याची बहीण’ लिहिताना ‘ची’ पाहून ‘हर सिस्टर’ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. ‘इट्स’ या मालकीवाचक सर्वनामाला अपॉस्ट्रॉफी कधीच नसते. ती दिली की अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा होतो.

मग कंपन्यांच्या नावांत अपॉस्ट्रॉफी कधी असते, कधी नसते, असे का?

कारण ते विशेषनाम आहे आणि विशेषनामाचा मालक सांगेल तसे ते लिहायचे असते. मॅकडोनाल्ड्स, लिवाइज, केलॉग्ज, डॉमिनोज यांच्या नावांत अपॉस्ट्रॉफी आहे. हॅरॉड्स, बार्कलेज, लॉइड्स बँक आणि स्टारबक्स यांच्या नावांत नाही. वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ च्या जानेवारीत ती काढून टाकली, तेव्हा व्याकरणप्रेमींनी बराच आरडाओरडा केला. कॅनडातील टिम हॉर्टन्सने ती सोडण्यामागे क्वेबेक प्रांताचा फ्रेंच भाषेविषयीचा कायदा होता. फ्रेंचमध्ये अशी षष्ठी नाही. नाव लिहिण्याआधी कंपनीचे स्वतःचे अधिकृत लिखाण पाहावे, अंदाज बांधू नये.

षष्ठीच्या नावाला पुन्हा षष्ठी लावायची वेळ आली की इंग्रजी कुचंबते, आणि लेखक वाक्य फिरवून ‘द मॅकडोनाल्ड्स मेन्यू’ असे लिहितो. मराठीला ही अडचण नाही. ‘मॅकडोनाल्ड्सचा बर्गर’ म्हणताना आपण ‘मॅकडोनाल्डच्याचा बर्गर’ असे म्हणत असतो आणि तो सुखाने खातो.

‘झेरॉक्स’ हा शब्द इंग्रजीत फोटोकॉपीसाठी वापरावा का?

औपचारिक इंग्रजीत नको, ‘फोटोकॉपी’ लिहावे. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये कोरड्या पद्धतीने प्रत काढण्याचे तंत्र यशस्वी केले. ओली रसायने लागत नसल्यामुळे पुढे या तंत्राला ग्रीकमधील ‘कोरडे’ या अर्थाच्या शब्दावरून ‘झेरोग्राफी’ असे नाव मिळाले आणि त्यावरून झेरॉक्स हे व्यापारी नाव बेतले गेले. हॅलॉइड झेरॉक्स नावाच्या कंपनीने १९५९ साली ‘९१४’ हे यंत्र बाजारात आणले, आणि १९६१ पासून ती कंपनीच झेरॉक्स कॉर्पोरेशन झाली. आपले नाव सर्वांच्या तोंडी बसल्याचा तिला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटली, आणि ते क्रियापद म्हणून वापरू नका असे सांगणाऱ्या जाहिराती तिने दिल्या.

मराठीत ‘झेरॉक्स काढणे’ हे आता आपले क्रियापद आहे. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडील यंत्र जपानी कंपनीचे असले तरी त्याचे दुकान झेरॉक्सचेच. ते बोलणे शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. इंग्रजी अर्जात मात्र ‘आय ॲम अटॅचिंग अ झेरॉक्स’ असे लिहिले तर अमेरिकी वाचकाला अर्थ कळेल, पण एखाद्या तरुण ब्रिटिश वाचकाला थांबावे लागेल.

एखादे व्यापारी नाव सर्वसामान्य शब्द बनते म्हणजे नेमके काय होते?

लोक ते नाव एका कंपनीच्या मालासाठी न वापरता त्या जातीच्या सगळ्या वस्तूंसाठी वापरू लागतात, आणि न्यायालयाने ते मान्य केले की कंपनीचा त्या शब्दावरील एकाधिकार संपतो. ‘ॲस्पिरिन’ हे बायर या जर्मन कंपनीचे १८९९ पासूनचे नाव. अमेरिकेत १९२१ साली निकाल लागला की ग्राहकांच्या लेखी हा आता औषधाचाच शब्द झाला आहे. व्यवसायातील डॉक्टर आणि औषधविक्रेते मात्र ते अजून बायरचे नाव म्हणून ओळखतात, असेही न्यायाधीशांनी म्हटले. शब्दाची मालकी ऐकणाऱ्याप्रमाणे बदलू शकते हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल. कॅनडा आणि जर्मनी येथे तो शब्द आजही बायरचाच आहे. ‘सेलोफेन’ ड्यूपाँटच्या हातून १९३६ साली गेला, ‘एस्कलेटर’ ओटिसच्या हातून १९५० साली. ‘झिपर’ हे तर १९२३ च्या सुमारास गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना दिलेले नाव होते.

माझ्या आवडीचा खटला थर्मासचा आहे, कारण त्यात न्यायालयाने व्याकरणाच्या शिक्षकाचे काम केले. ‘थर्मास’ हा सामान्य शब्द झाला असे १९६३ साली अमेरिकी अपील न्यायालयाने कायम केले, पण प्रतिस्पर्धी अलादीन कंपनीवर अटी घातल्या: तिने हा शब्द लहान ‘टी’नेच लिहावा, त्याच्या आधी ‘अलादीन’ची षष्ठी लावूनच लिहावा, आणि आपला माल ‘अस्सल’ किंवा ‘मूळचा’ आहे असे कधी म्हणू नये. एक लहान अक्षर आणि एक अपॉस्ट्रॉफी यांच्यावर बाजारपेठेची वाटणी झाली.

आपल्याकडे याच वाटेने आलेले शब्द विपुल आहेत, फक्त त्यातील बहुतेकांची कायद्याने नोंदलेली मालकी शाबूत आहे. वनस्पती तूप म्हणजे डालडा. बाटलीबंद पाणी म्हणजे बिसलेरी, जे मुळात फेलिचे बिसलेरी या इटालियन गृहस्थाचे आडनाव. खोदकामाचे यंत्र म्हणजे जेसीबी, जी जोसेफ सिरिल बॅमफर्ड या ब्रिटिश उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे. लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज. ‘दुसऱ्या कंपनीची बिसलेरी द्या’ हे वाक्य मराठीत बिनतक्रार चालते. इंग्रजीत लिहिताना मात्र ‘बॉटल्ड वॉटर’, ‘डिगर’ किंवा ‘एक्स्कव्हेटर’, ‘स्टील कबर्ड’ असे सामान्य शब्द वापरावेत, नाहीतर अपघाताच्या बातमीत भलत्याच कंपनीचे नाव गोवले जाते. ‘केरोसीन’ हेसुद्धा एकेकाळी अब्राहम गेस्नर यांचे व्यापारी नाव होते. आपण ‘रॉक ऑइल’वरून ‘रॉकेल’ केले आणि त्या भानगडीतून सुटलो.

‘गूगल’ क्रियापद म्हणून चालते का?

चालते. ऑक्सफर्डच्या आणि मेरियम-वेबस्टरच्या कोशांनी २००६ साली त्याची नोंद घेतली. क्रियापद झाले म्हणजे नाव बुडाले, हा युक्तिवादही अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१७ साली फेटाळला. लोक शोधण्याच्या क्रियेला काय म्हणतात यापेक्षा शोधयंत्रांच्या साऱ्या जातीला ते नाव देतात का, हा खरा प्रश्न असल्याचे न्यायालयाने सांगितले. कोशांत हे क्रियापद लहान ‘जी’नेही आढळते, वृत्तपत्रीय लेखनात मोठे अक्षर ठेवणे सुरक्षित.

कंपनी म्हणते की आमचे नाव केवळ विशेषण म्हणून वापरा, अनेकवचन करू नका, षष्ठी लावू नका. हे पाळलेच पाहिजे का?

तुम्ही त्या कंपनीचे नोकर, वितरक किंवा जाहिरातदार असाल तर पाळावे लागेल. अन्यथा नाही. ‘लेगो ब्रिक्स’ म्हणा, ‘लेगोज’ म्हणू नका, हा कंपनीचा आग्रह तिच्या हक्काच्या रक्षणासाठी आहे आणि तिच्या बाजूने समंजसही आहे, पण तो इंग्रजी व्याकरणाचा नियम नव्हे. पत्रकार, कादंबरीकार किंवा तक्रार लिहिणारा ग्राहक ‘टू टोयोटाज’ आणि ‘टोयोटाज इंजिन’ असे खुशाल लिहू शकतो. गंमत अशी की टोयोटानेच २०११ साली प्रियस या मोटारीचे अनेकवचन काय असावे यावर लोकांची मते मागवली आणि ‘प्राय’ असे लॅटिन थाटाचे रूप विजयी ठरवले. लोक ‘प्रियसेस’च म्हणत राहिले.

लहान अक्षराने सुरू होणारी नावे वाक्याच्या आरंभी कशी लिहावीत?

ईबे किंवा आयफोन यांच्यासारख्या नावांत दुसरे अक्षर मोठे असते. शिकागोची शैली ती वाक्यारंभीही तशीच ठेवू देते. असोसिएटेड प्रेस पहिले अक्षर मोठे करते. सर्वांत बरे म्हणजे ते नाव वाक्याच्या तोंडी येऊच देऊ नये. सगळी अक्षरे लहान काढणे ही मात्र बोधचिन्हाची सजावट असते. आदिदासचे पहिले अक्षर मजकुरात मोठे लिहिल्याने कोणाचा अवमान होत नाही.

नावापुढे ‘टीएम’ (ट्रेडमार्क) किंवा वर्तुळातील ‘आर’ (रजिस्टर्ड) लावणे आवश्यक आहे का?

लेखकाला, पत्रकाराला आणि अनुवादकाला मुळीच नाही. दुकानदाराने मात्र एवढे लक्षात ठेवावे की भारतात वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच लावता येते. अर्ज केला आहे किंवा नुसता दावा आहे अशा काळात ‘टीएम’ लावावे.

कंपनीचे नाव एकवचनी की अनेकवचनी?

अमेरिकेत एकवचनी. ब्रिटनमध्ये दोन्ही दिसतात. आपल्या कंपनीविषयक कागदपत्रांत एकवचनच ठेवावे.

परदेशी नावे देवनागरीत कशी लिहावीत, आणि पाटीवर त्यांचे भाषांतर करावे लागते का?

उच्चाराप्रमाणे लिहावीत, स्पेलिंगप्रमाणे नव्हे, आणि उच्चार त्या कंपनीचा ग्राह्य धरावा: ‘नाईक’ हे आपल्याकडचे आडनाव आहे, बुटांची कंपनी ‘नायकी’. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर सर्व दुकाने व आस्थापनांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी लिपीत असणे आणि तिची अक्षरे इतर लिप्यांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. विशेषनामाचे लिप्यंतर होते, भाषांतर होत नाही. ‘ॲपल’चे ‘सफरचंद’ करण्याची गरज नाही. मात्र नावाला जोडलेले ‘बेकर्स’ किंवा ‘ज्वेलर्स’ हे वर्णन आहे, आणि त्याचे ‘बेकरीवाले’ किंवा ‘सराफ’ केले तर पाटी अधिक वाचनीय होते.

‘कोल्हापुरी’ हा ब्रँड आहे का? इंग्रजीत त्याचा ‘ओनर’ कोण?

कोल्हापुरी चप्पल हे २०१९ पासून नोंदलेले भौगोलिक मानांकन आहे. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. इंग्रजीत ते मोठ्या ‘के’ने लिहावे, अनेकवचनी ‘कोल्हापुरीज’ असे लिहिण्यासही हरकत नाही, पण त्याला ‘ब्रँड’ म्हणणे सैल आहे, कारण ब्रँड एका धन्याचा असतो आणि हे नाव त्या मुलुखातील कारागिरांचे आहे. नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. तरीही त्यांना ‘ओनर’ म्हणू नये. पहिल्या प्रश्नातील कसोटी येथे लावून पाहावी: १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार असे नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाच्या नावे करूनही देता येत नाही. कायद्याचा शब्द ‘रजिस्टर्ड प्रोप्रायटर’ असा आहे आणि इंग्रजीत तोच लिहावा.